डावी म्हणजे कुठली?

“उजवी!”

पुढच्या सायकलवरून वडिलांचा आवाज यायचा. मान न वळवता दिलेला. अर्धा वाऱ्याला, अर्धा लेकीला. वडील टपालवाले. कॅरिअरवर थैली, समोर उतार, आणि मागे छोट्या सायकलवर नऊ वर्षांची ती. “उजवी!” ऐकलं की ती हँडल डावीकडे घ्यायची, आणि उजव्या अंगाचा खड्डा तिच्या चाकाला न शिवता मागे पडायचा. खिंडीपलीकडच्या त्या मुलखात पुढचा माणूस संकटाचं नाव घेतो. मागच्याने तिकडे जायचं नाही.

ती मुलगी आता चोपन्नची झाली. खिंडीच्या अलीकडे, चढाच्या ऐन वळणावर, तिच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान आहे. पंक्चर, ब्रेक, चेन नवरा बघतो. वाकडी झालेली चाकं तिच्याकडे येतात. चाक स्टँडला लावायचं, गरकन फिरवायचं, कुठे लचकतंय ते नजरेने धरायचं आणि एकेक स्पोक पाव पाव फेरा आवळत, सोडत चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. काम करताना ओठांतल्या ओठांत तिने स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी चालू असतात:

दोन्हीकडून ओढ, आरे ताणले तारेचे,
म्हणून सरळ चाले चाक माझ्या संसाराचे.

सगळा रस्ता तिला वहिनी म्हणतो.

या वहिनींविषयी रस्त्यावर एक जुना विनोद होता. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्या नवऱ्यामागून सायकलने उतरत होत्या. रस्त्यात काहीतरी आलं, नवरा ओरडला, “डावी!” आणि नवी नवरी उजवीकडे वळून थेट गटारात. खिंडीच्या अलीकडे पुढचा माणूस संकटाचं नाव घेत नाही, वाट सांगतो. डावी म्हणजे डावीकडून ये. वहिनींना हे संध्याकाळपर्यंत उमगलं. पण तोवर गोष्ट रस्ताभर झाली होती. “आपल्या वहिनींना पूर्व म्हणा, त्या पश्चिम धरणार!” नव्या सुनेने खुलासा केला तर तो आगाऊपणा, न केला तर हसू. त्यांनी हसू पत्करलं. आज एकतीस वर्षं झाली, कोणी चहात साखर कमी घालायला सांगितली तरी कुणीतरी म्हणणारच, “जास्त घाला म्हण रे, म्हणजे कमी पडेल!”

त्या पलीकडच्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले होते. तीस वर्षं वापरलेल्या सीटवर कंपनीचं नाव कोण वाचतं? त्यांनीही आठवण करून दिली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच शर्यतीत रेडिओवर पलीकडचा गडी जिंकला, तेव्हा त्यांच्या तोंडून “शाब्बास!” निघून गेलं होतं. सासऱ्यांनी रागावून काही म्हटलं नाही. नुसता रेडिओ बंद केला. ती खुंटी फिरल्याचा ‘कट्’ आवाज वहिनींच्या कानात राहून गेला. तेव्हापासून शर्यतीच्या दिवसांत त्या चाकं फिरवत राहत, तोंड बंद.

आणि यंदा तोंड बंद ठेवणं म्हणजे जळता निखारा मुठीत धरणं झालं होतं.

बायकांची सात दिवसांची शर्यत चालू होती. आपल्याकडची मुलगी पुढे होती. निळी जर्सी, अंगाने हलकी, वळणावर अशी झुकायची की लोकांनी तिचं नाव पाकोळी ठेवलं. तिच्या मागोमाग एकतीस सेकंदांवर पलीकडची हिरव्या जर्सीतली मुलगी. बुटकी, चिवट, चढ लागला की मान खाली घालून न थांबता चढत राहणारी. ती मुंगी. सहाव्या दिवशी, ओल्या उतारावर, पुढे मुंगी आणि मागे पाकोळी असताना मुंगी तोंड उघडून काहीतरी ओरडली, पाकोळी डावीकडे वळली आणि गटाराच्या जाळीत चाक अडकून पडली. कोपर सोलवटलं. ती उठली, पुन्हा चढली, पण चाळीस सेकंद गेले. आता मुंगी नऊ सेकंद पुढे होती. उद्या शेवटचा दिवस, आणि शेवटचा चढ दुकानाच्या दारावरून.

“थांबव! तिथेच थांबव!” त्या संध्याकाळी दुकानात मास्तर ओरडले. शेजारच्या शिंप्याने मोबाइलवरचं चित्र थांबवलं. मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्त झाले तरी खडू खिशात असायचा. त्यांनी दुकानाच्या फरशीवर वळण काढलं, जाळी काढली, दोन ठिपके काढले. “हा कोन बघा. अपघात असता तर हा कोन आला असता का?”

“मी सांगतो,” शिंपी म्हणाला. “हेलिकॉप्टर. मुद्दाम खाली आणलं. वाऱ्याने पाडली पोरीला.”

“मग मुंगी कशी नाही पडली?”

“मुंगी कधी वाऱ्याने पडते का, मास्तर?”

“आणि ती जाळी!” शिंपी थांबेना. “आदल्या दिवशी फिरवली जाळी. पट्ट्या आडव्या होत्या, त्या उभ्या केल्या. चाक बरोब्बर बसावं म्हणून. माझ्या मेव्हण्याने डोळ्यांनी पाहिलंय.”

“तुझा मेव्हणा तिथे काय करत होता?”

“तिथे नाही हो. फोटोत पाहिलंय.”

आता ड्रायव्हरला राहवेना. तीस वर्षं याच घाटात बस चालवलेला माणूस, आवाज हॉर्नसारखा. तो उठला आणि फरशीवरच्या जाळीवर पाय ठेवून उभा राहिला.

“एवढं लांब कशाला जाता? ती काय ओरडली ते लहान पोरालाही दिसतंय. डावी! पाकोळीनेही मघाशी टीव्हीवर सांगितलं, ‘मी डावी ऐकलं, डावीकडे गेले.’ आता सांगा, जाळी कुठे होती? डावीकडे! जाळी डावीकडे, आणि ही बया म्हणते डावीकडून ये. वर तोंड करून सांगते, ‘मी तिला सावध केलं.’ सावध! अहो, विंचवाने म्हणावं मी गुदगुल्या केल्या!”

टण्कन आवाज झाला. वहिनींच्या हातातला स्पोक तुटला होता. जरुरीपेक्षा चार फेरे जास्त आवळला गेला होता. नवऱ्याने पाने पुसता पुसता त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्या दुकानात दोनच माणसांना माहीत होतं की मुंगी वहिनींच्या सख्ख्या भावाची मुलगी आहे.

सहा वर्षांची असताना वहिनींनी तिला शेवटचं पाहिलं होतं. तिच्या सायकलची मागची दोन टेकूची चाकं वहिनींनीच काढली होती, आणि अंगणात सीट धरून तिच्यामागे धावल्या होत्या. मग भावाची बदली दूर झाली, इकडे सासऱ्यांचं अंथरूण सुटेना. सोळा वर्षं फोनवरच गेली.

दुपारी भावाचा फोन आला होता. “ताई, उद्या पोर तुझ्या दारावरून जाणार. बघशील ना तिला?” मग जरा थांबून, “जेवत नाहीये गं. लोक रस्त्यात थुंकतात म्हणे. मी सावध केलं, मी सावध केलं, एवढंच म्हणते.”

चाक बाजूला ठेवून वहिनी आतल्या खोलीत गेल्या. नवरा मागोमाग आला.

“अगं, एक दिवस. शर्यत गेली की विसरतील सगळे.”

“अहो, तिने सावध केलं होतं तिला. रस्ता ओला, हात ब्रेकवर. हाताने खूण करणार कशी? घाईत तोंडाला घरचंच येतं.”

“मला पटतंय गं. त्यांना कोण पटवणार? आणि ती तर वीस सेकंदांत जाईल दारावरून. तिला काय कळणार?”

“त्या वीस सेकंदांसाठी मी सोळा वर्षं थांबलेय,” वहिनी म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या. भिंतीपलीकडे ड्रायव्हर हसत होता.

सकाळी ऊन कडक पडलं. रस्ता पोलिसांनी गाड्यांना बंद केला होता, आणि वळणावर माणसं जमत होती. दुकानासमोर पाण्याने भरलेल्या पाच बादल्या ओळीने मांडल्या होत्या. मुंगी आली की तोंडावर मारायच्या. ड्रायव्हरने पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि ब्रश वहिनींपुढे धरला.

“वहिनी, अक्षर तुमचं. चेनकव्हरवर नावं तुम्हीच घालता ना, मोत्यासारखी. रस्त्यावर लिहा, एवढं मोठ्ठं: पाडणारी. चढताना मान खाली घालूनच चढते ती. वाचल्याशिवाय जाईल कुठे!”

वहिनींनी ब्रश घेतला. रस्त्यावर गुडघे टेकले. डांबर तापायला लागलं होतं. ब्रश रंगात बुडवला, उचलला. एक थेंब डांबरावर पडला. ‘पा’ लिहायचा म्हणजे आधी एक उभी रेघ. ती एक रेघ हाताला येईना. याच हाताने सीट धरली होती.

“अडलात का हो वहिनी?” शिंपी म्हणाला. “उलटं सांगा रे त्यांना. ‘लिहू नका’ म्हणा, पटकन लिहितील!”

सगळे हसले. एकतीस वर्षांचं तेच हसू. पण या वेळी वहिनींनी मान वर केली, आणि त्या हसण्यातच त्यांना वाट दिसली.

“ड्रायव्हरभावजी,” त्या उठल्या, “लिहिते. आधी माझ्यामागून सायकलवर एक फेरी मारा.”

“आता? कशाला?”

“भिता का?”

“मी? अहो, या घाटात मी बस उलटी नेलीय!”

“मग काढा सायकल. माझ्या मागच्या चाकाला चिकटून यायचं. माझ्या पाठीपलीकडचं काही दिसता कामा नये. मी पुढून ओरडेन, तसं करायचं.”

नवऱ्याने तोंड उघडलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मुकाट्याने दोन सायकली बाहेर काढल्या. एकीच्या टायरमधली हवा अंगठ्याने दाबून पाहिली आणि ती बायकोच्या हातात दिली.

दोघं वरच्या झाडापर्यंत गेली आणि वळून उतरू लागली. वहिनी पुढे, पदर खोचलेला, ड्रायव्हर मागे, हातभर अंतरावर. लोक कडेला सरले. वहिनी बादल्यांच्या ओळीकडे आल्या. पहिली बादली ओळीतून जरा पुढे, रस्त्याच्या डाव्या अंगाला. मान न वळवता त्या ओरडल्या,

“डावी!”

आणि स्वतः सुळकन उजवीकडून गेल्या.

ड्रायव्हर हुकमाचा माणूस. डावी म्हणजे डावी. सायकल डावीकडे, बादली सायकलखाली, ड्रायव्हर बादलीवर, आणि उरलेल्या चार बादल्या एकीमागून एक ड्रायव्हरवर. डोक्यापासून पायांपर्यंत निथळत तो रस्त्यात बसला. वळणावर असा हशा उसळला की पोलीसही शिट्टी तोंडात धरून हसले.

“वहिनी!” ड्रायव्हर नाकातलं पाणी काढत गरजला. “तुम्हीच म्हणालात ना डावी!”

“म्हणाले ना.”

“बादली डावीकडे होती!”

“म्हणूनच म्हणाले.”

हशा चालूच होता, पण मास्तरांचा थांबला. त्यांच्या खिशाकडे गेलेला हात तिथेच राहिला. “थांबा,” ते म्हणाले. “थांबा रे, गप्प बसा. वहिनी, बादली डावीकडे होती म्हणून तुम्ही डावी म्हणालात?”

“माझ्या माहेरी असंच ओरडतात, मास्तर. पुढचा माणूस धोका कुठे आहे ते सांगतो. माझे वडील असंच ओरडायचे. तिथे लहान पोरंसुद्धा असंच ओरडतात. वाट सांगायची रीत इकडची. शब्द तोच. अर्थ खिंडीत उलटतो.”

मास्तरांनी खडू काढला, पण चित्र काढलं नाही. नुसता हातात फिरवला. “जाळी डावीकडे. ती म्हणाली डावी. म्हणजे तिकडे जाऊ नको. आणि आपली पोर… आपली पोर आपल्या रीतीने डावीकडे गेली.” त्यांनी कपाळावर हात मारला, कपाळ पांढरं झालं. “दोघीही खरंच बोलत होत्या! चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, आधी व्याख्या तपासा, मग सिद्धता लिहा!”

“पण कशावरून?” ड्रायव्हर अजून बसलेलाच होता. “तिकडे असंच ओरडतात कशावरून?”

“मी इथे आले त्या आठवड्यात गटारात कशी पडले होते, भावजी? ती गोष्ट तर तुम्हीच दर वर्षी सांगता.”

ड्रायव्हरने गटाराकडे पाहिलं. पण त्याच्याही आधी नवरा बोलला. हातातला पंप तसाच धरून, जणू गर्दी नव्हतीच.

“म्हणजे तू… तेव्हा तू माझं ऐकलं होतंस?”

“ऐकलं होतं. तुम्ही डावी म्हणालात, मी डावीकडे गेले नाही. याहून जास्त काय ऐकायचं असतं?”

“अगं, मग सांगितलं का नाहीस? एकतीस वर्षं?”

“तुम्ही सगळे इतके छान हसत होतात,” वहिनी म्हणाल्या.

त्यावर मात्र कोणी हसलं नाही. शिंप्याने पुढे होऊन ड्रायव्हरला हात दिला आणि उठवलं. ड्रायव्हरने ओला शर्ट पिळला, पिळलेलं पाणी रस्त्यावर पडताना पाहिलं आणि खाकरला. “मेव्हण्याला म्हणावं,” तो शिंप्याला म्हणाला, “जाळी आहे तशीच राहू दे.”

मग मास्तरांनी फोन हातात घेतला. मुंगीने कट केला हे काल ज्यांना ज्यांना कळवलं होतं, त्या सगळ्यांना त्यांनी आज खरं कळवलं, आणि कालच्यापेक्षा दुप्पट जोराने. शाळेचा एक जुना विद्यार्थी रेडिओवर शर्यतीचं वर्णन करायचा, त्यालाही गाठलं. “अरे गाढवा, वर्गात मागे बसायचास, आता तरी पुढचं ऐक!” तासाभरात दुकानातल्या टीव्हीवर सांगत होते, की सायकल दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी कालच्या पडण्याचा उलगडा केला आहे. डावी म्हणजे कुठली डावी, यावर दोन्हीकडचे जुने गडी स्टुडिओत बसून हसत होते, आणि एक जण तर म्हणत होता, की तरुणपणी याच शब्दापायी आपणही कुंपणात गेलो होतो आणि समोरच्याला दहा वर्षं शिव्या घातल्या.

रस्त्यावर अजून काही लिहिलेलं नव्हतं. रंगाचा एकच थेंब वाळला होता.

“आता काय लिहायचं?” शिंप्याने विचारलं. “पाकोळीचं नाव?”

“पाकोळीचंच,” ड्रायव्हर म्हणाला. मग ओला कान चोळत, “किंवा… तुम्हीच बघा वहिनी. ब्रश तुमचा.”

वहिनींनी गुडघे टेकले. आता रेघ हाताला आली. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, अक्षर अक्षर हातभर उंच, त्यांनी लिहिलं: चढा गं पोरींनो.

आधी पोलिसांच्या मोटारसायकली आल्या, मग हेलिकॉप्टरची घरघर. आणि मग वळणाखालून निळं आणि हिरवं, दोनच ठिपके, बाकीच्या कितीतरी मागे पडलेल्या. पाकोळीच्या कोपराला पांढरी पट्टी. ती सीटवरून उठली, झुलत झुलत पुढे झेपावली. मुंगी मान खाली घालून तिच्या चाकाला चिकटली. दोघींची चाकं वहिनींच्या अक्षरांवर आली. मुंगीने वाचलं असावं. क्षणभर तिने मान वर केली, आणि त्या उन्हाने भाजलेल्या, घामेजलेल्या चेहऱ्यावर वहिनींना सहा वर्षांची, दात पडलेली पोर दिसली.

“चढ!” ड्रायव्हर गरजत होता. “चढ पाकोळी! चढ गं… चढ तूही! मर मेली, चढ!”

वहिनीही ओरडत होत्या. रेडिओ बंद झाल्यापासून जे जे गिळलं होतं, ते सगळं बाहेर येत होतं, आणि त्यात शब्द असे नव्हतेच. नवरा शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. दोन्ही हात ग्रीसने काळे, डोळे ओले.

वीस सेकंद म्हटलं तरी फारच झाले. बारा असतील.

मग सगळे दुकानात धावले. टीव्हीसमोर इतकी गर्दी झाली की मास्तर घमेल्यातल्या पाण्यात पाय देऊन उभे राहिले आणि त्यांना कळलंही नाही. शेवटच्या वळणावर पाकोळीने पुन्हा झेप घेतली. मुंगी एक हात मागे, दोन हात मागे, मग एक सायकल, मग दहा-पंधरा सायकली मागे. रेघ ओलांडली ती पाकोळीने, दोन्ही हात आभाळात. दुकानाचं छप्पर उडायचंच बाकी राहिलं. शिंप्याने मास्तरांना मिठी मारली, ड्रायव्हरने टायरची चळत कवटाळून नाच केला.

“किती? किती मागे?” कुणीतरी ओरडलं.

पाच सेकंद. नवातून पाच गेले, उरले चार. चढ पाकोळीचा, आणि शर्यत चार सेकंदांनी मुंगीची.

ड्रायव्हरच्या मिठीतून टायरची चळत सुटली. पडद्यावर दोघी सायकलींवरच पुढे ओणवून धापा टाकत होत्या. पाकोळीने हात लांबवून मुंगीच्या खांद्यावर ठेवला, पट्टी बांधलेलं कोपर हलवून विचारलं, “डावी?” मुंगीने उजवीकडे बोट दाखवलं. मग दोघी अशा हसल्या, की पाकोळीचा तोल गेला आणि मुंगीने तिला धरलं.

ड्रायव्हरने एक लांब श्वास सोडला. गेल्या तीस वर्षांत पलीकडचं कोणी जिंकलं की तो काय काय बोलायचा ते सगळ्यांना पाठ होतं. सगळे वाट बघत होते. त्याने ओल्या बाहीने तोंड पुसलं, पडद्यावरच्या त्या बुटक्या, हिरव्या, हसून हसून लाल झालेल्या पोरीकडे बघत राहिला, आणि शेवटी मान डोलावली.

“नाही, मानलं बुवा! काय चिवट कार्टी आहे. कोणाची म्हणायची ही पोर?”

“माझ्या भावाची,” वहिनी म्हणाल्या.